लहानूचा निरोप

४ मार्च १९९१, सोमवार

ही डायरी एका औषध कंपनीच्या माणसाने डॉक्टरीणबाईंना दिली आणि बाईंनी ती माझ्या अंगावर ढकलली. प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे. आमच्या घरी सध्या तेवढा एकच विषय चालू आहे, त्यामुळे शोभतेय.

पहिल्या पानावर नावगाव लिहायचं असतं. मंदा, टेमघर. भिवंडीत डॉक्टर अतियाबाईंच्या दवाखान्यात कंपाउंडर. केसपेपर काढायचे, गोळ्या बांधायच्या, फोन घ्यायचा आणि रांग मोडणाऱ्याला झापायचं. शेवटचं काम मला सगळ्यात चांगलं जमतं.

आमचे हे, राघो, बिहारात एका कोळशाच्या खाणीत भूवैज्ञानिक आहेत. जमिनीखालचा खडक कुठे वाकलाय, कुठे तुटलाय ते बघायचं आणि नकाशे करायचे. जानेवारीत तिथल्या एका बोगद्यात कोळसा फुटला. आग नाही, सुरुंग नाही. समोरची भिंत आपणहून उसळली आणि भुकटी आणि गॅस मिळून बोगदाच भरून टाकला. दोन माणसं गेली. ह्यांना ओढून काढलं. खांद्याचं हाड मोडलंय आणि छातीत ती भुकटी.

घरी आणल्यापासून भिंतीकडे बघत बसायचे. त्यात मध्येच नकाशे मागायचे. डॉक्टरीणबाईंनी परवा मला बाजूला घेऊन सांगितलं, "मंदा, आराम म्हणजे आराम. और खान की बात घर में एकदम बंद." मी म्हटलं, बंद म्हणजे बंद. नकाशांची गुंडाळी माळ्यावर टाकली आणि वर धान्याचं पिंप ठेवलं. मला त्यांना परत तिकडे पाठवायचंच नाहीये. हे इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने म्हटलं की भांडण होतं.

१० मार्च, रविवार

माझी द्रौपदी मावशी वळ गावाहून आली होती. तिचा लहानू त्याच खाणीत आहे, भोकं पाडायच्या मशीनवर. ह्यांनीच लावला कामाला. लहानूला मी कडेवर घेऊन वाढवलाय, आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे तो माझा भाऊ कमी आणि पोरगा जास्त. माझ्या हातचा मार खाल्लेला एकमेव माणूस.

मावशी बसल्या बसल्या रडायला लागली. "जावई, तुमी हितं आलात, माजा पोरगा तितंच हाय. त्यो कोळसा फुटतो तरी कसा, मला कायच समजत न्हाय."

मी डोळे वटारले, पण ह्यांनी बघितलंच नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा उठून उभे राहिले. मी सकाळी ऊन दाखवून आणलेली गोधडी त्यांनी पलंगावर पसरली आणि चांगल्या हाताने एका टोकाकडून रेटायला लागले.

"मावशी, हा कोळशाचा थर. ह्याच्या वर खडक, खाली खडक. जमीन दोन्हीकडून रेटतेय, लाखो वर्षं. काय होईल?"

"चुण्या पडतील."

"पडल्या. आता इथे हात लावा. चुणीत थर जाड झालाय की नाही? आणि जाड होताना आतल्या आत घसरतो, चुरतो. काही ठिकाणी तर खडकच तुटून एक बाजू खाली बसते, त्याला फॉल्ट म्हणतात. फॉल्टच्या शेजारचा कोळसा म्हणजे तुमची मशेरी. बोटात धरला की भुगा."

मशेरीचं नाव निघाल्यावर मावशीला हसू आलं.

"टणक कोळशाला बारीक बारीक चिरा असतात. त्यातनं गॅस हळूहळू निघून जातो. ह्या भुग्यात चिरा कुठल्या? गॅस आत कोंडून बसतो. म्हणून आम्ही पुढे लांब भोक पाडून बघतो, किती गॅस येतोय. टणक कोळसा असला तर मीटरचा काटा हलतो. आणि ह्या मशेरीत भोक पाडलं की काटा शून्यावर, आणि माणसं समजतात की..."

इथे त्यांना खोकल्याची उबळ आली. मी भाकरी तव्यावर टाकून धावत आले आणि म्हटलं, "बास. गोधडीची वाट लावली ती लावली, आता छातीची लावू नका. जेवायला चला." मावशीलाही दटावलं. गप्प जेवले बिचारे. मला माझं कौतुक वाटलं, वेळेवर थांबवलं.

१९ मार्च, मंगळवार

कालपासून रोजे. डॉक्टरीणबाई दुपारी दवाखाना लवकर आवरतात, चेहरा एवढासा होतो, पण पेशंटवर ओरडायला ताकद कुठून येते कोण जाणे.

ह्यांच्या थुंकीचा रिपोर्ट आला. टीबीचे जंतू निल! दवाखान्यात ह्या शब्दासारखा गोड शब्द नाही. पॉवरलूमवरचा एखादा कामगार महिनाभर खोकत येतो, रिपोर्टचा कागद उलटासुलटा धरतो, आणि मी सांगते, "निल आलाय भाईसाब, पेढे लाओ." त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आज मी स्वतःच पेढे घेऊन घरी गेले.

ह्यांनी एक खाल्ला. म्हणाले, "छान आहे." बस्स. आता हे फार शांत झालेत. नकाशे मागत नाहीत, खाणीचा खा सुद्धा काढत नाहीत. विचारावं तर "बरं आहे" म्हणतात. औषध लागू पडलं म्हणायचं.

२३ मार्च, शनिवार

विशेष काही नाही. काल लाइट गेली होती, शेजारचे लूम बंद, मला मस्त झोप लागली. हे मात्र लूम थांबले की दचकून उठतात आणि चालू झाले की झोपतात. उलटी खोपडी.

३० मार्च, शनिवार

जमलं! जमलं! जमलं!

नूर मोहम्मद शेठची सून आमची पेशंट. शेठचं दापोड्याला मोठं गोडाऊन आहे, कापडाच्या गाठी येतात-जातात. त्यांना देखरेखीला शिकलेला, भरवशाचा माणूस पाहिजे होता. मी डॉक्टरीणबाईंमार्फत शब्द टाकला. शेठ म्हणाले, इदीनंतर पाठवा.

घरी सांगायला जिवावर आलं होतं. एम.एस्सी.ला पहिला आलेला माणूस, गोडाऊनमध्ये गाठी उतरवून घेणार! पण हे म्हणाले, "चालेल." मी परत विचारलं, खरंच चालेल ना? "चालेल म्हटलं ना मंदा." आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. माझी तर भांडायची तयारी होती, ती सगळी फुकट गेली.

संध्याकाळी टेमघर ते दापोडे किती लांब, रिक्षा की टेम्पो, डबा कुठला न्यायचा, सगळं मीच बोलत होते. ते खिडकीत उभे होते. मला फार बरं वाटतंय. खोटं कशाला, चौदा वर्षं सुट्टीपुरता नवरा मिळाला, आता रोज संध्याकाळी घरी येणारा मिळणार.

८ एप्रिल, सोमवार

दवाखान्यात लहानूचा फोन. लाइनीत इतकी खरखर की तो विहिरीतून बोलतोय असं वाटत होतं.

"ताई, दाजी कसं हायत?"

"मस्त. तू जेवतोस का वेळेवर?"

"जेवतो गं. ऐक ना, दाजींना येक निरोप दे. नवा बोगदा फॉल्टच्या जवळ आलाय. भोक पाडलं. गॅस निल हाय, काटा हालतच न्हाय. पन रॉड आत अडकून बसतात. आन भुगा लई येतोय, येवढ्या भोकातनं येवडा यायला नको. मॅनेजर म्हनतो गॅस न्हाय ना, मग चालू ठेवा. दाजींना इचार काय करायचं."

"निल आहे ना? मग पेढे वाट."

तो हसला. "चेष्टा नको ताई. इचार तू. मी वाट बघतो."

इचारते म्हटलं आणि ठेवला. मग गोळ्यांच्या पुड्या बांधता बांधता विचार केला. रॉड अडकतात तर ते मेकॅनिकचं काम. भुगा जास्त येतो तर झाडूवाल्याला सांगावं. मुख्य गोष्ट म्हणजे गॅस नाही, मग भ्यायचं कशाला? आणि घरात "फॉल्ट" हा एक शब्द काढला की हे माळ्यावर चढणार, पिंप हलवणार, मोडक्या खांद्याने नकाशे काढणार. इतक्या मुश्किलीने माणूस शांत झालाय. इदीनंतर एकदा दापोड्याला रुजू झाले की सांगेन.

मावशी भेटली की तिला मात्र सांगते, पोरगा सुखरूप आहे. तिचा जीव टांगणीला लागलाय.

११ एप्रिल, गुरुवार

यंदा बाबासाहेबांच्या जयंतीचं शंभरावं वर्ष. टेमघरात कोणाचं घरात लक्ष नाही. निळ्या कापडाचे तागे आलेत, कमान उभी राहतेय. मुलांनी ह्यांना धरून नेलं, कमानीवर अक्षरं आखायला. एका हाताने आखत होते. अशोकचक्राच्या आऱ्या एवढ्या अचूक काढल्या की सगळे म्हणाले, काका तुम्ही पेंटर व्हायला पाहिजे होतं. आणि हे हसले! दात दिसले! जानेवारीपासून मी ते दात बघितले नव्हते.

लहानूचं सांगावं असं एकदा ओठावर आलं होतं. पण हसणाऱ्या माणसाला काय सांगायचं? राहू दे.

१५ एप्रिल, सोमवार

काल लिहिण्यासारखी परिस्थिती नव्हती. आज दवाखान्यात फोनजवळ बसून लिहितेय.

काल सकाळी विहारात वंदना झाली. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, माणसांनी रस्ता भरलेला. हे नवा सदरा घालून खिरीचे द्रोण वाटत होते. मावशी वळहून चार बायकांना घेऊन आली होती. मी तिला आल्या आल्या लहानूच्या फोनचं सांगितलं. ती जी खूश झाली, ज्याला त्याला सांगत सुटली. सांगत सुटली ती नेमकी ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"जावई, लहानूचा फोन आलता म्हनं! फॉल्टच्या जवळ गेलाय, पन गॅस-बिस काय न्हाय. निल हाय!"

ह्यांच्या हातातला द्रोण तसाच राहिला. माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "कधी आला होता?"

"गेल्या सोमवारी."

"काय म्हणाला? मंदा, जसंच्या तसं सांग. तुझं काही घालू नकोस, त्याचं काही काढू नकोस."

मी सांगितलं. काटा हलत नाही. रॉड अडकतात. भुगा फार येतो. हे ऐकताना त्यांचा चेहरा मी बघितला आणि त्यांची बाही धरली.

"अहो, पण गॅस नाही ना? निल आहे ना?"

"भोक बुजतंय मंदा. भुग्यात पाडलेलं भोक लगेच मिटतं, रॉडला आवळून धरतं. गॅस बाहेर यायला वाट नाही, म्हणून काटा शून्यावर. गॅस सगळा आत आहे. पुढची टणक भिंत मशीनने पातळ केली की फुटेल. जानेवारीत असंच झालं." हे सगळं ते मला ओरडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते नेहमीच्या आवाजात बोलले.

त्या दिवशी गोधडीवर हेच सांगायचं राहिलं होतं. मी थांबवलं होतं. मला माझं कौतुक वाटलं होतं! कौतुक!

दवाखाना बंद. डॉक्टरीणबाईंच्या घरी पळालो. रोजा होता तरी बाई चपला घालून तशाच आमच्याबरोबर आल्या, दवाखाना उघडला. फोन लावला की टेपवरची बाई बोलायची, इस मार्ग की सभी लाइनें व्यस्त हैं. पुन्हा लावा. पुन्हा व्यस्त. बाई म्हणाल्या, "मंदा, रो मत, डायल कर." माझं बोट डायलच्या भोकात अडकून सुजलं. शेवटी लागला तेव्हा ऑफिसात कोणी उचलेना, मॅनेजर घरी, घरचा फोन बंद. मग ह्यांनी लॅम्परूमचा नंबर लावला. तिथे खाली जाणारा प्रत्येक माणूस दिवा घ्यायला येतो. तिथल्या माणसाला ह्यांनी हिंदीत सांगितलं, शब्द न् शब्द तोडून: "लहानू को बोलो, दाजी का हुकुम है. मेरे आने तक मशीन को हाथ नहीं लगाना. अपनी पूरी टोली को बाहर रखना." पलीकडचा म्हणाला, साहब आप तो छुट्टी पर हैं. हे म्हणाले, "हाँ. फिर भी बोलो."

लाइन तुटली. निरोप पोचणार की नाही, देव जाणे. आमचा देवावर विश्वास नाही, तर लॅम्परूमवाला जाणे.

रात्रीच्या कलकत्ता मेलने गेले. पट्ट्यातला हात, एक पिशवी, आणि नकाशांची गुंडाळी. पिंप त्यांनी हलवायच्या आत मीच हलवलं. दारात मी म्हटलं, मला एक थोबाडीत तरी मारा. ते म्हणाले, "तुला कोणी सांगितलंच नव्हतं ना पूर्ण." आणि गेले.

मावशीला मी खरं सांगितलं नाही. ती अजून पेढे वाटतेय.

१६ एप्रिल, मंगळवार

फोन नाही. लावला तर लागत नाही. दोन पेशंटच्या पुड्या उलट्या बांधल्या, बाईंनी वेळेवर बघितलं. काही बोलल्या नाहीत. कोणी काही बोलत नाही हेच आता मला सोसवत नाही.

१७ एप्रिल, बुधवार

ईद. दवाखाना बंद, पण डॉक्टरीणबाईंनी किल्ली दिली. म्हणाल्या, "घर में बैठके क्या करेगी? फोन के पास बैठ." सकाळीच शीरखुर्म्याचं भांडंही पाठवलं. मी झाकणसुद्धा उघडलं नाही. बाहेर नवे कपडे घातलेली पोरं, अत्तराचा वास, सगळी भिवंडी गळ्यात गळे घालतेय. आणि मी त्या काळ्या फोनकडे बघत बसलेली.

दुपारी वाजला. हातातून रिसिव्हर सुटून लोंबकळायला लागला, तो ओढून कानाला लावला.

"ताई..."

लहानू! मेल्या, लहानू! मी काय काय बोलले आठवत नाही. शिव्याच जास्त दिल्या असतील.

"आगं ऐक तर. आयतवारी निरोप भेटला. आमी सगळे भाईर बसलो. मॅनेजर आला, शिव्या दिल्या, पगार कापीन म्हनला. मी म्हनलं कापा. दाजी येईस्तवर आमी मशीनला हात लावनार न्हाय. मग मॅनेजरनी समद्यांना लांब केलं आन दुरून सुरुंग उडवला. ताई, असा आवाज आला ना... बोगदा पार भरला. आमची मशीन हाय ना, ती दिसतच न्हाय. मशेरीत बुडाली. आमी तितं असतो तर..."

खरखर तेवढी चालू.

"दाजी काल आले. आत बघायला गेलेत. मंग आले की फोन करतील. तू रडू नको."

मी म्हटलं, "लहानू, चूक माझी आहे रे. तू सोमवारी सांगितलंस, मी ह्यांना सांगितलंच नाही. आठवडाभर."

तो म्हणाला, "तरीच."

"काय तरीच?"

"मी रोज वाट बघत व्हतो. शनवारी भिंतीतनं ठोके ऐकू यायला लागले, धप्प धप्प. पोरं घाबरली. मी त्यांना म्हनलं, दाजींना निरोप गेलाय. काय वांधा असता तर दाजींनी कळवलं असतं. दाजी गप्प हायत म्हंजे समदं बरं हाय. आन पोरांना घेऊन आत गेलो."

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. दोष नाही, राग नाही. मी ऐकलं आणि मला वाटलं जमीन फाटावी. माझ्या गप्प बसण्यावर विसंबून माझं पोर त्या भिंतीसमोर जाऊन उभं राहिलं होतं. आणि त्याच शनिवारी मी इथे डाळ भिजवत होते आणि ह्यांचे दात मोजत होते.

संध्याकाळी मावशीकडे वळला गेले. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिने माझ्या पाठीत दोन धपाटे घातले, मग कुशीत घेतलं, मग परत एक धपाटा घातला. तो शेवटचा सगळ्यात जोरात होता. बरं वाटलं.

२८ एप्रिल, रविवार

हे परत आले. काळवंडलेत, पण खोकला वाढलेला नाही. चौकशीवाल्या साहेबांपुढे चार दिवस नकाशे मांडून बोलले म्हणे. थर कुठे चुणी घेतो, कुठे जाड होतो, फॉल्ट कुठून कुठे जातो. काटा शून्यावर आला तर काम थांबवायचं आणि रॉड अडकतो का, भुगा किती येतो ते आधी बघायचं, असं आता तिथे लिहून लावलंय.

मी विचारलं नव्हतं. जेवताना आपणहून सांगितलं. मी भाकरी करपू दिली पण मध्ये बोलले नाही. किती बोलतो हा माणूस! मला वाटायचं औषधाने शांत झाले होते.

२ मे, गुरुवार

दापोड्याला रुजू झाले. नूर मोहम्मद शेठनी जागा ठेवली होती, भला माणूस. डबा दिला, टेम्पोत बसवून दिलं. संध्याकाळी आले. गाठींवर कापसाची धूळ असते म्हणाले, तोंडाला रुमाल बांधतो. मी विचारलं, आवडलं का? म्हणाले, "नाही." मला ते "चालेल"पेक्षा बरं वाटलं.

९ मे, गुरुवार

सकाळी अकराच्या गर्दीत फोन. लहानू.

"ताई, दाजींना निरोप दे. मॅनेजर बदलला. फॉल्टच्या पल्याड दुसरा बोगदा काडायचा हाय. नवा साहेब म्हनतो, राघोसाहेबांना बोलवा, ते बोट ठेवतील तितंच मशीन लावू. आन पोरं म्हनतात दाजी न्हाईत तर आमी आत जानार न्हाय. मी बी न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पन ताई, तुला नको वाटत असंल तर नको सांगू. मी पोरांना कायतरी सांगीन. खरंच. तुज्यावर रागावनार न्हाय."

फोन ठेवला. डॉक्टरीणबाई इंजेक्शन भरता भरता ऐकत होत्या. सुई वर धरूनच म्हणाल्या, "राघोची छाती अजून पूर्ण साफ नाही, मंदा. मैंने तो कुछ सुना ही नहीं." आणि पेशंटकडे वळल्या.

हे किती सोपं होतं. लहानूची माफी आधीच मिळालेली, बाईंची साक्ष तयार. नवरा संध्याकाळी कापडाच्या गाठींतून घरी येणार, चहा मागणार, मी देणार. असंच वर्षानुवर्षं. मला दुसरं काही नको होतं, आजही नको आहे. मी चार पुड्या बांधल्या. पाचवी बांधेना.

बाईंना म्हटलं, जाऊन येते. दापोड्याला गेले. गोडाऊनच्या दारात ट्रक लागलेला, हमाल गाठी उतरवत होते, आणि हे तोंडाला रुमाल बांधून उभे. मला बघून रुमाल खाली केला. "काय गं? काय झालं?"

"निरोप आहे," मी म्हटलं. "लहानूचा. जसाच्या तसा सांगते."

सांगितला. मॅनेजर, फॉल्टच्या पल्याड, बोट ठेवतील तिथे मशीन, पोरं आत जाणार नाहीत, तो बी न्हाय. आणि शेवटचंही सांगितलं, नको वाटत असलं तर नको सांगू म्हणाला ते. काही घातलं नाही, काही काढलं नाही.

"निरोप संपला," मी म्हटलं. "आता माझं ऐका. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. जमिनीखालच्या कुठल्याच भिंतीसमोर तुम्ही परत उभं राहू नये. चौदा वर्षं मी एकटीने जेवलेय आणि आता मला सवय मोडलीये. मला भीती वाटते. तुमच्या त्या फॉल्टचा मला तिरस्कार आहे. हे माझं, निरोपातलं नाही."

हमाल गाठ खांद्यावर तशीच घेऊन थांबले होते. हे ऐकत होते, मध्ये एक शब्द बोलले नाहीत, मान खाली घातली नाही. माझं संपल्यावरही थोडा वेळ थांबले, अजून काही राहिलंय का म्हणून. मग म्हणाले, "सगळं ऐकलं मंदा. मला जावं लागेल."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"पण वर ऑफिसात बसून नकाशांचं बघेन, आत रोज जाणार नाही. आणि ह्या वेळी तू पण चल, काही दिवस तरी."

बघू म्हटलं. डॉक्टरीणबाईंना विचारावं लागेल, त्यांची रांग कोण सांभाळणार?

परत दवाखान्यात आले आणि फोन लावला. आज मेला पहिल्या झटक्यात लागला.

"लहानू, दाजींना निरोप दिला. पूर्ण. ऐक, ते येईपर्यंत आत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन."

"म्हंजे दाजी येतात?" त्याला खरंच वाटेना. "ताई, नीट सांग, येतात का न्हाय?"

"येतात," मी म्हटलं, आणि मग रडायला लागले. फोन तसाच चालू राहिला. बिल डॉक्टरीणबाईंच्या नावावर चढत होतं, पण त्यांनी माझ्या राहिलेल्या पुड्या बांधायला घेतल्या.